जळमटांचं घर

दरवर्षी पाऊस ओसरायला लागला, अंगणातलं शेवाळ वाळायला लागलं, की माझ्या फोनवर एक व्हिडिओ येतो. पाठवणारा बदलतो, गाव बदलतं; कधी आचरा, कधी कट्टा, कधी परुळे. व्हिडिओ मात्र तोच. कलत्या उन्हाची वेळ, दारातली सदाफुली, आणि फुलासमोर हवेत थबकलेलं, पंख दिसू नयेत इतक्या वेगानं हलवणारं काहीतरी तपकिरी. खाली तीन उद्गारचिन्हांसकट मजकूर: आमच्या परड्यात हमिंगबर्ड! मी चित्र थांबवतो, मोठं करून बघतो. डोक्यावर दोन जाड मिशा दिसतात. चोच वाटते ती गुंडाळता येणारी सोंड असते. मग उत्तर लिहितो, की बाबा रे, हा पक्षी नव्हे, पतंग आहे; सुरवंटाचा मोठेपणचा अवतार. त्यावर एकदा एका शाळकरी मुलाचं उत्तर आलं, "पन दिसता तर तसोच मा?"

दिसतो तसाच, हे खरं. आणि या पुस्तकाची सुरुवात त्या मुलाच्या प्रश्नापासूनच करायला हवी. हे पुस्तक शिंजिराच्या घरट्याबद्दल आहे, तेही मालवण-वेंगुर्ल्याच्या किनारपट्टीतल्या, माझ्या घराच्या हाकेच्या अंतरावरल्या घरट्यांबद्दल. पण शाळेत फोटो दाखवायला गेलो की पहिला हात वर होतो तो 'सर, हा हमिंगबर्ड का?' असं विचारायला. मुलांनी तो पक्षी मोबाइलवर इतक्यांदा पाहिलेला असतो, की दारातल्या जास्वंदीवर रोज येणारा पक्षी त्यांना त्याची नक्कल वाटतो. तेव्हा आधी पाहुण्याची वासलात लावू आणि मग घरच्याकडे वळू.

हमिंगबर्ड आपल्याकडे नाही. आशियात नाही, आफ्रिकेत नाही, युरोपात नाही. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या पार टोकापर्यंत त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, पण अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन समुद्र ओलांडून एकही आज इकडे राहत नाही. आज, असं मुद्दाम म्हटलं. कारण 2004 साली जर्मनीत सापडलेल्या जीवाश्मांवरून कळलं, की तीन कोटी वर्षांपूर्वी युरोपात हमिंगबर्डासारखेच लांब चोचीचे, हवेत थांबू शकणारे पक्षी होते. ते तिथून का नाहीसे झाले हे त्या दगडांत लिहिलेलं नाही. 

आपल्याकडे फुलांचा मध खायचं काम शिंजिरांकडे आहे. शिंजिराला सूर्यपक्षीही म्हणतात, त्याच्या उन्हात चमकणाऱ्या पिसांमुळे. चोच बाकदार, जीभ नळीसारखी, वजन आठ-दहा ग्रॅम, स्वभाव भांडखोर. हमिंगबर्डाशी एवढं साम्य असूनही दोघांचं नातं काडीचंही नाही. शिंजीर हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गोतातला, म्हणजे काऊ-चिऊंचा भाऊबंद. एकाच प्रकारच्या पोटाच्या सोयीनं दोन परक्या घराण्यांना एकसारखी चोच आली. शिंजीर हवेत क्षणभर थांबू शकतो, पण ते त्याला फार आवडत नाही. देठावर, पानावर, फुलाच्या पाकळीवर कुठंतरी पाय टेकून, प्रसंगी उलटं लोंबकळून तो जेवतो. 

मग हमिंगबर्डाचे खरे सोयरे कोण? गंमत अशी, की ते आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि फार मानाच्या जागी आहेत. निवतीच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात खडकांचा एक पुंजका दिसतो. नकाशात त्याला वेंगुर्ले रॉक्स म्हणतात. त्यातल्या एका बेटावर दीपगृह आहे आणि दुसऱ्या, बर्न्ट आयलंड नावाच्या बेटाच्या गुहेत हजारो पाकोळ्या राहतात. पाकोळी आणि हमिंगबर्ड ही एकाच गणातली दोन कुळं. या गणाचं शास्त्रीय नाव ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ होतो 'पाय नसलेले'. पाय असतात, पण नावापुरते. पाकोळीला आपल्यासारखं सपाट जमिनीवर चालता येत नाही, की तारेवर चिमणीसारखं बसता येत नाही. हमिंगबर्डालाही चालणं जमत नाही. दोघांच्या पंखांची हाडं बघितली तर दंड आखूड आणि पंजाचा भाग लांबलचक. त्या हाडांनी पाकोळी दिवसभर आभाळात भटकते आणि हमिंगबर्ड एका जागी ठरतो.

मला या पाकोळीचं घरटं महत्त्वाचं वाटतं, कारण हमिंगबर्डाच्या आणि शिंजिराच्या घरट्यासमोर ते ठेवलं की घरटं म्हणजे नेमकं काय याचा विचार करावा लागतो. वेंगुर्ल्याची पाकोळी आपल्या लाळेनं घरटं बांधते. गुहेच्या उभ्या भिंतीला अर्ध्या बशीसारखा वाळलेल्या लाळेचा कोनाडा, त्यात पिसं आणि थोडं गवत-शेवाळ मिसळलेलं. गुहेच्या अंधारात ती टकटक आवाज काढत, त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. वटवाघूळ करतं तसंच, फक्त हिचा आवाज आपल्या कानांना ऐकू येतो. पूर्वेकडच्या देशांत अशा घरट्यांचं सूप करतात आणि त्याला मोठी किंमत मिळते. हिच्या घरट्यात पिसांची भेसळ जास्त, म्हणून ते कमी प्रतीचं समजलं जातं, तरी चोरांना तेवढंही पुरलं. 2001 च्या सुमाराला इथल्या घरट्यांची चोरी उजेडात आली आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं त्यांच्या रक्षणाचं काम हाती घेतलं. त्याच्या कितीतरी आधी पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी या खडकांवर जाऊन तिथल्या पक्ष्यांबद्दल लिहून ठेवलं होतं. बाहेरच्या अभ्यासकांना ठाऊक असलेली ही गुहा आमच्या गावातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मासेमाऱ्यांना आहे. त्यांना तिथला प्रत्येक खडक नावानिशी ठाऊक असतो, वर उडणाऱ्या पाखरांसकट.

म्हणजे हमिंगबर्डाची चुलत बहीण समुद्रात, थुंकीच्या घरात राहते. आणि त्याच्यासारखा दिसणारा, नात्यात कुणीही नसलेला शिंजीर आमच्या पडवीत. आता खरी गंमत. हमिंगबर्ड घरटं कशानं बांधतो? कोळ्याच्या जाळ्यानं. आणि शिंजीर? कोळ्याच्याच जाळ्यानं.

लहानपणी ऐकलेल्या काऊ-चिऊच्या गोष्टीत बांधकामाचं सामान दोनच प्रकारचं असतं, शेण आणि मेण. पहिल्या पावसात एक वाहून जातं, दुसरं टिकतं. तिसरं सामान, जे दोन खंडांतल्या दोन घराण्यांनी एकमेकांना न विचारता निवडलं, ते त्या गोष्टीत नाही. जळमटात तीन गुण आहेत. ते चिकटतं, म्हणून खिळा-सुतळी लागत नाही. ते ताणलं जातं आणि तुटत नाही, म्हणून पिल्लं वाढली की घरटंही फुगतं. हमिंगबर्डाची वाटी शेवटच्या आठवड्यात अक्षरशः सैल होऊन पसरते. आणि ते फुकट मिळतं. हमिंगबर्ड मादी त्याची वाटी करते, उघडी, वरून दगडफुलाचे तुकडे चिकटवून फांदीची गाठ वाटेल अशी सजवलेली, आणि त्यात दोन अंडी घालते. शिंजीर मादी त्याची थैली करते, बंद, टांगलेली, बाजूला दार असलेली. तीही बहुधा दोनच अंडी घालते. वाटी आणि थैली यातला फरक माझ्या मते पावसाचा आणि कावळ्याचा आहे. पण ते पुढं.

सिंधुदुर्गात शिंजिराच्या पाच जाती मी पाहिल्या आहेत. जांभळा शिंजीर आणि जांभळ्या कमरेचा शिंजीर हे दोघे घराभोवतीचे. लांब, जास्तच बाकदार चोचीचा लोटेनचा शिंजीर माडा-पोफळीच्या बागांतून आणि झाडीच्या कडेनं दिसतो. त्याला नाव मिळालं ते श्रीलंकेच्या एका डच गव्हर्नरावरून. छोटा, लालबुंद पाठीचा शिंजीर आणि व्हिगोर्सचा शिंजीर हे पश्चिम घाटाचे खास रहिवासी. ते बघायला आंबोलीच्या बाजूला चढावं लागतं. व्हिगोर्सच्या शिंजिराचं पहिलं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1832 साली केलं. पुढं 1880 मध्ये जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्यानं दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता; तो 1 मे 1981 ला झाला. विडालच्या काळातले पक्षिनिरीक्षक बंदूक आणि अंड्यांची पेटी घेऊन फिरत. त्यांच्यामुळं आपल्याला कोण कुठं असतं हे कळलं, हे मान्य करायलाच हवं. पण अंडं पेटीत गेलं की घरट्याची गोष्ट तिथंच संपते. मला ती पुढं काय होते ते बघायचं होतं, आणि त्यासाठी खुर्ची आणि वही पुरली.

या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण जांभळ्या शिंजिराच्या एका मादीवर आहे. नराचं वर्णन सगळेच करतात. विणीच्या दिवसांत तो काळा दिसतो आणि मान वळवली की जांभळा-निळा पेटतो. विणीचा काळ संपला की तो हा अंगरखा उतरवतो, मादीसारखा फिका होतो, फक्त गळ्यापासून पोटावर एक काळी पट्टी उरते, लग्नाच्या कपड्यांतली एखादी टाय राहून जावी तशी. मादीचं वर्णन कुणी करत नाही. वरून मळकट हिरवी, खालून फिकी पिवळी. चोच सोडली तर ओळखायला दुसरी खूण नाही. घर मात्र तीच बांधते. एकटी.

आमच्या मागच्या पडवीत काकीनं कपडे वाळत घालायला नायलॉनची हिरवी दोरी बांधली आहे. तिचा एक सुटा शेंडा खांबाजवळ हातभर लोंबतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या शेंड्याला मला मळकट काहीतरी चिकटलेलं दिसलं. काकीनंही पाहिलं होतं. ती हिराची झाडू घेऊन गेली आणि परत आली. "माका वाटला कोळयाचा जाळा आसा," ती म्हणाली. "झाडूक गेलंय तर ती चिमनी माज्याच तोंडार इली."

दुसऱ्या दिवसापासून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलो. पहिले तीन दिवस तिनं नुसती जळमटं आणली. विजेच्या मीटरमागून, चुलीच्या लाकडांच्या रचाईतून, वाशांच्या सांध्यातून. चोचीत काही दिसत नसे. फक्त ती उन्हातून आली की चोचीभोवती एक चकाकी दिसे. येऊन ती दोरीला बिलगायची आणि चोच एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं पुसायची, पोळपाटावर हात पुसावा तशी. पुसून झालं की जळमट लागलेलं असे. मग त्यावर वाळलेलं गवत, काथ्याचे तंतू, सुरूच्या पानांचे तुकडे. ते चिकटले की पुन्हा जळमट. हे असं लांबत लांबत वीतभर झालं, आणि तोवर त्याला आत-बाहेर नव्हतंच. एक लोंबता गोळा, बस्स. मला वाटलं, हिचं काहीतरी चुकतंय.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं त्या गोळ्यात डोकं खुपसलं. मग छाती. मग पंख अर्धवट उघडून ती आत फिरली, थरथरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. घर तिनं आतून रुंदावलं, स्वतःच्या अंगाच्या मापानं. संध्याकाळपर्यंत बाजूला एक गोल भोक होतं आणि आत पोकळी. दुसऱ्या दिवशी भोकाच्या वर तिनं एक छज्जा काढला, दारावर पुढं आलेल्या पागोळीसारखा. मग कापूस. तो कुठून येतो हे मला ठाऊक होतं. रस्त्याकडेच्या सावरीची बोंडं त्या आठवड्यात फुटली होती आणि सगळ्या आवाठात पांढरे पुंजके उडत होते. ती ते हवेतल्या हवेत पकडायची. एकूण बारा दिवस लागले. नर या सगळ्या काळात काय करत होता, ते शेवटी येईल.

हे घरटं पावसात पडलं तेव्हा मी ते वर्तमानपत्रावर ठेवून, भिंग घेऊन उलगडलं. पिल्लं तोवर दीड महिन्यापूर्वी उडून गेलेली. बाहेरच्या थरात निघाल्या त्या वस्तू अशा: अळ्यांच्या विष्ठेच्या काळ्या गोळ्या, भरपूर, आंब्याच्या वाळक्या मोहराचा चुरा, सालीचे पापुद्रे, कोळ्यांच्या अंड्यांच्या रिकाम्या पिशव्या, विडीच्या पानाचा एक तुकडा, काकाच्या जुन्या जाळ्यातला निळा धागा, दोन बोटं लांब. खाली शेपटीसारखा लोंबणारा जो कचरा होता त्याला काही उपयोग दिसेना. तो नसता तरी घर तेवढंच मजबूत राहिलं असतं.

पण उपयोग आहे, आणि माझ्या मते या पक्ष्याचं सगळं कसब त्यातच आहे. सुगरणीचं घरटं सुबक म्हणून प्रसिद्ध. बहिणाबाईंनी तिला मराठी घरोघरी पोचवलं आणि शाळेच्या पुस्तकानं तिथं कायम केलं. (सुगरणीचं घरटं प्रत्यक्षात नर विणतो आणि मादी येऊन पसंत-नापसंत करते, हे सालिम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात किहीमला बसून दाखवलं, पण कवितेवर खटला भरू नये.) ते सुबक असतं कारण ते लपायचं नसतंच, पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला उघड टांगलं की शत्रूला पोचणं कठीण. शिंजिराची मादी हातभर उंचीवरही बांधते, दारात बांधते, मांजराच्या डोळ्यांसमोर बांधते. तिला लपायचं आहे आणि लपायला जागा नाही. म्हणून ती घराला कचऱ्याचं रूप देते. वाऱ्यानं अडकून राहिलेला, कुणीही दुसऱ्यांदा बघणार नाही असा गबाळ पुंजका. काकीसारख्या साठ वर्षं घर झाडणाऱ्या बाईचा डोळा त्यानं फसला, तर कावळ्याचा फसायला काय हरकत आहे? बंद थैली आणि अंगठा जाईल एवढं दार यामुळं वरून बघणाऱ्याला अंडी दिसत नाहीत. छज्ज्यामुळं वळवाची सर आत येत नाही. सरडा आणि हरणटोळ यांच्यापुढं मात्र उपाय थोडा. भारद्वाजापुढं तर नाहीच. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं आपण मानतो. पिल्लं असलेल्या घरट्यांजवळ बसून बघितल्यावर मी ते मानणं सोडलं.

लोटेनच्या शिंजिरानं यावर कडी केली आहे. आपल्याकडे झुडपांवर कधीकधी पांढुरकं, धुळीनं माखलेलं, पोत्याएवढं जाळं दिसतं, वाळक्या पानांनी भरलेलं. ते एका कोळ्याचं नसतं. आत शेकडो कोळी एकत्र राहतात, एकत्र शिकार करतात. लोटेनचा शिंजीर कधीकधी थेट अशा वसाहतीतच आपलं घरटं बसवतो. सामान वाहून आणायलाच नको. बाहेर कचरा चिकटवायचीही गरज नाही, कारण अख्खी वसाहतच कचऱ्यासारखी दिसते. असं घरटं मी आयुष्यात दोनदाच पाहिलं, दोन्ही वेळा काजूच्या बागेच्या कुंपणावर, आणि दुसऱ्यांदा पाहिलं ते तिसऱ्या दिवशी कुंपण साफ करणाऱ्यांनी पेटवलं. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना साफ करायलाच सांगितलेलं होतं.

कोळी हा इथं फक्त गवंड्याचा माल नाही. पिल्लांना मध चालत नाही, निदान नुसता चालत नाही. मधात गोडी असते, पण हाडं-पिसं वाढवायला जे लागतं ते नसतं. म्हणून आई-बाप दिवसभर किडे आणि कोळी आणतात. माझ्या वहीत एका सकाळच्या तासाभरात चोचीतून आलेल्या गोष्टींपैकी ओळखू आलेल्या निम्म्याहून जास्त कोळी होते, मऊ, लहान, पाय दुमडलेले. ज्याच्या जाळ्यानं पाळणा बांधला त्यालाच बाळाला भरवायचं, हा व्यवहार थोडा कठोर वाटेल. पण याचा साधा अर्थ असा, की ज्या परड्यात कोळी नाहीत तिथं शिंजिराला दोन्ही बाजूंनी दार बंद.

आणि इथं मला आंब्याबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर देवगड-मालवणातला वाचक म्हणेल, की हा माणूस नेमकं तेच टाळतो. मोहर फुटला की बागेत फवारणी सुरू होते. तुडतुडे मारायलाच हवेत, त्यावर वर्षाची कमाई असते. मी स्वतः पंचवीस कलमांचा धनी आहे आणि फवारणी केलेली आहे. फवारणीनंतरच्या सकाळी दव पडलेलं असतं, एरवी प्रत्येक फांदीच्या बेचक्यात मोत्यांनी भरलेलं जाळं दिसतं, आणि त्या सकाळी काही दिसत नाही. लोटेनचा शिंजीर डिसेंबरपासूनच वीण सुरू करतो, जांभळा फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे नेमके तेच महिने. मी आता बांधाकडची दोन झाडं आणि विहिरीजवळची रानटी झाडी फवारणीतून वगळतो. त्यानं फार फरक पडतो असा दावा करत नाही. त्या दोन झाडांवर जाळी असतात, एवढंच.

बांडगुळाचं प्रकरण आणखी अवघड. कलमावरचं बांडगूळ हा बागायतदाराचा वैरी आणि गडी लावून ते तोडावंच लागतं. पण त्याचं फूल नीट बघण्यासारखं आहे. लांबट, नळीसारखं, शेंदरी; आणि पिकलं तरी मिटलेलं. शिंजीर येतो, टोकाला चोचीनं हलकंच दाबतो, आणि फूल फटकन उघडून त्याच्या कपाळावर पराग उडतात. हे फूल पक्ष्याविना उघडत नाही, असं म्हटलं तरी चालेल. मग फळं धरतात, ती फुलटोचा नावाचा त्याहून लहान पक्षी खातो, चिकट बी फांदीवर पुसून टाकतो, आणि नवं बांडगूळ रुजतं. म्हणजे शिंजीर भटजी आणि फुलटोचा दाई. सालिम अलींनी 1932 साली फुलं आणि पक्षी यांच्या या देवाणघेवाणीवर एक लांब लेख लिहिला होता, त्यात बांडगुळाला मानाचं स्थान आहे. मला विचाराल तर कलमावरचं तोडा, किंजळ-ऐनावरचं राहू द्या. गडी विचारतो, तिकडून इकडे येणारच ना? येणार. मग पुढच्या वर्षी पुन्हा तोडायचं.

वादळाबद्दल एक नोंद पुस्तकात आहे, ती थोडी इथंही. 16 मे 2021, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं. त्या वेळी माझ्या यादीत चालू असलेली चार घरटी होती. तीन झाडांवर, एक पडवीत, दिव्याच्या वायरला. दुपारपर्यंत फणस आडवा झाला आणि त्याखाली एक घरटं गेलं. दुसरं मला सापडलंच नाही, ज्या फांदीवर होतं ती फांदीच नव्हती. तिसरं चिंचेच्या आतल्या बाजूला होतं, ते पिळलेल्या फडक्यासारखं झालं होतं, पण लोंबत होतं. जळमट तुटलं नव्हतं. आतली पिल्लं मात्र गेली होती, गारठ्यानं असावं. पडवीतल्या घरट्यात वीज नसलेल्या त्या अख्ख्या आठवड्यात आईची ये-जा चालू राहिली आणि पुढच्या शनिवारी दोन पिल्लं उडाली. लोक विचारतात, ही पाखरं माणसाजवळ का येतात, त्यांना आपला लळा आहे का. लळा नसावा. आपल्या डोक्यावर कौलं आहेत, हे त्यांना कळलं असावं.

आता थोडं तक्रारीचं. गेल्या काही वर्षांत कॅमेरे स्वस्त झाले आणि घरट्यांवर संकट आलं. घरट्यासमोरची पानं 'आड येतात' म्हणून कापणारे फोटोवाले मी पाहिले आहेत. ती पानं मादीनं निवडलेली असतात. ती गेली की दुपारचं ऊन थेट थैलीवर येतं आणि कावळ्याची नजरही. एका पाहुण्यानं, नाव घेत नाही, दार नीट दिसावं म्हणून टांगलेली फांदी दोरीनं वळवून बांधली होती. संध्याकाळी सोडली, तोवर मादीनं अंडी सोडली होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्याच व्याख्येत बसतं, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याला ते खरं वाटलं नाही. या पुस्तकात म्हणूनच अंड्यांचा एकही फोटो नाही. रेखाटनं आहेत, ती पडलेल्या आणि रिकाम्या घरट्यांची. कोणतं घरटं कुठं होतं हेही गावाच्या पलीकडं सांगितलेलं नाही.

प्रकरणं महिन्यांच्या क्रमानं लावली आहेत, डिसेंबरातल्या लोटेनच्या शिंजिरापासून पावसाच्या तोंडाशी सापडणाऱ्या उशिराच्या घरट्यांपर्यंत. आंबोलीवरचं प्रकरण लहान आहे, कारण तिथं मी पाहुणा असतो आणि धुकं यजमान. पाकोळ्यांवर प्रकरण नाही. त्यांच्याविषयी लिहायचा अधिकार ज्यांनी त्या गुहेत रात्री काढल्या त्यांचा. पक्ष्यांची मराठी नावं बहुतेक मारुती चितमपल्लींच्या 'पक्षिकोशा'च्या वळणानं घेतली आहेत, जिथं गावातलं नाव जास्त बोलकं वाटलं तिथं ते ठेवलं आहे.

आभार मानायचे ते काकीचे. तिनं दीड महिना ती दोरी वापरली नाही. ओले कपडे गडग्यावर टाकले, दोनदा ते बकरीनं खाल्ले, तरी दोरीला हात लावू दिला नाही. चतुर्थीच्या साफसफाईतही तो एक कोपरा ती आता सोडते, आणि घरी येणाऱ्या बायकांना त्याबद्दल काही सांगत नाही. त्यांना वाटतं ती थकली. हस्तलिखित पुरं झाल्यावर बारा दिवसांच्या बांधकामाचं प्रकरण मी तिला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आणि ह्या सगळ्यात दादलो काय करी होतो?"

मी वही उघडून बघितलं. पहिला दिवस: तारेवर बसून गातो. दुसरा दिवस: गातो. तिसऱ्या दिवसापासून बाराव्यापर्यंत, रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला: माझ्या स्कूटरच्या आरशावर बसून आतल्या नराशी भांडतो.

काकीनं सूप आपटलं. "ता माका म्हायतच होता," ती म्हणाली.